कपाटाचे कुलूप आणि काउंटरवरचा प्रश्न



मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ असे नाव पडले आहे. चिंता आणि घबराटीच्या विकारावर डॉक्टर लिहून देतात ती हीच गोळी. तिथे ती नशेसाठी विकली जाते आणि छाप्यांच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. याच राज्यात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिनची गोळी हवी झाली, की मोठ्या शहरांतली मोजकी रुग्णालये सोडून इतरत्र नातेवाइकांची पायपीट सुरू होते. दोन्ही औषधे नियंत्रित आहेत, दोन्हींभोवती कायद्याचे कुंपण आहे. एक नको तिथे सहज पोचते आणि दुसरे हवे तिथे पोचत नाही. याची कारणे सहसा वेगवेगळी सांगितली जातात: पहिल्याच्या बाबतीत नियंत्रण कमी पडले, दुसऱ्याच्या बाबतीत जास्त झाले. माझे म्हणणे असे की दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. कुलूप आणि वही म्हणजेच नियंत्रण, असे आपण धरून चाललो. औषध हातात ठेवताना देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे जे बोलणे व्हायला हवे, ते आपण सौजन्याच्या खात्यात टाकले. जमले तर करावे, गर्दी असेल तर सोडून द्यावे, असे. माझ्या मते ते बोलणे हाच नियंत्रणाचा गाभा आहे, आणि ते सुटले की कुलूप आणि वही दोन्ही दिशांनी निकामी होतात.

आधी कायदा काय मागतो ते पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. त्यांतल्या अनुसूची ‘एच’मधली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ ही अधिक कडक अनुसूची लागू झाली. तिच्यात सुरुवातीला ४६ औषधे होती. वरच्या वर्गातली प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे तिच्यात आहेत, तशीच अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन ही सवय लावू शकणारी औषधेही आहेत. यांची विक्री झाली की डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहायची आणि ते रजिस्टर ३ वर्षे जपायचे. अनुसूची ‘एक्स’ त्याहून वरची: त्यासाठी वेगळा परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात २ वर्षे, साठा कुलपात. या सगळ्यात एक जुना आणि फार शहाणा नियम दडलेला आहे. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे, आणि देताना त्या चिठ्ठीवरच दुकानाचे नाव, पत्ता व तारीख नोंदवायची. हा नियम दुकानोदुकानी पाळला गेला असता तर एकच चिठ्ठी घेऊन गावातल्या पाच मेडिकलमध्ये फिरणे अशक्य झाले असते. तुमच्या घरातल्या फायलीत असलेल्या चिठ्ठ्या काढून पाहा, कितींवर असा शिक्का आहे.

या नियमांना २०१५ साली आणखी एक गोष्ट येऊन मिळाली. भारतीय भेषजी परिषदेने फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स लागू केली आणि रुग्णाशी बोलणे हे नोंदणीकृत फार्मसिस्टचे कर्तव्य ठरवले. काय बोलायचे तेही सांगितले: औषधाचे नाव, ते कशासाठी आहे, किती आणि केव्हा घ्यायचे, किती दिवस, कोणते त्रास होऊ शकतात, कोणत्या औषधाबरोबर चालत नाही, कसे ठेवायचे, एखादा डोस चुकला तर काय करायचे. म्हणजे कागदावर आपल्याकडे दोन्ही आहेत, वहीसुद्धा आणि बोलणेसुद्धा. फरक तपासणीत आहे. औषध निरीक्षक दुकानात आला की परवाना पाहतो, फार्मसिस्ट हजर आहे का पाहतो, खरेदीची बिले आणि रजिस्टर ताडून पाहतो. रुग्णाला काय सांगितले गेले याची तपासणी होत नाही. ज्या गोष्टीची तपासणी होते तीच टिकते, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता वही आणि कुलूप एकटी पडली की काय होते, याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा दाखला पाहू. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, लागू झाला. हेतू तस्करीला आळा घालण्याचा होता. पण मॉर्फिन ठेवणाऱ्या रुग्णालयाला प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळा परवाना लागू लागला, खात्याखात्यांच्या सह्या लागू लागल्या. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. शिक्षा इतक्या कडक होत्या की २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत प्रमाणानुसार तारतम्यही फारसे नव्हते. हिशेब नीट न ठेवणाऱ्या परवानाधारकाला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे कलम वाचल्यावर कोणता दुकानदार दोन-चार रुग्णांसाठी हे औषध ठेवेल? १९८५ मध्ये देशात पाचशे किलोंहून अधिक मॉर्फिन वैद्यकीय उपयोगात येत होते. १९९७ मध्ये ते १८ किलोंवर आले. नव्वद कोटींहून अधिक लोकवस्तीच्या देशात वर्षाला अठरा किलो! आणि हा देश कोणता, तर नीमच, मंदसौर, चित्तोडगढ या भागांत सरकारी परवान्याने अफू पिकवणारा, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया करणारा आणि जगाला ती निर्यात करणारा. १९६१ च्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार या कायद्याला आहे, त्या कराराच्या प्रास्ताविकातच वेदनाशमनासाठी ही औषधे अपरिहार्य आहेत आणि ती पुरेशी मिळतील अशी तजवीज केली पाहिजे, असे नमूद आहे. आपण कराराचा अर्धा भागच अमलात आणला.

बारा वर्षांत पाचशेचे अठरा झाले, त्या काळात रुग्ण कमी झाले नव्हते. दुकानातला आणि रुग्णालयातला माणूस घाबरला होता. महाराष्ट्रात आपण हेच दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत पाहिले. २०१२ साली बीड जिल्ह्यातली गर्भलिंगनिदानाची प्रकरणे उघडकीस आल्यावर गर्भपाताच्या गोळ्यांवर छापे सुरू झाले आणि अनेक दुकानांनी त्या ठेवणेच बंद केले. वस्तुतः या गोळ्यांना परवानगी नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आहे, आणि तेवढ्या लवकर सोनोग्राफीत लिंग समजत नाही. ज्या गुन्ह्यासाठी कपाटे रिकामी झाली, त्या गुन्ह्याचा आणि त्या गोळ्यांच्या योग्य वापराचा संबंधच नव्हता. भीतीला तारतम्य नसते. दुकानदाराला ‘ठेवले तर धोका, न ठेवले तर काहीच नाही’ असे समीकरण दिले, तर तो त्याचे उत्तर बरोबरच काढणार.

मग बोलण्याने काय साधते? याला केवळ सदिच्छेने उत्तर देऊन भागणार नाही, पुरावा हवा. तो केरळात आहे. कालिकतच्या वेदनाशमन केंद्रात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी घरी राहणाऱ्या रुग्णांना तोंडाने घ्यायचे मॉर्फिन देत. दोन वर्षांत १७२३ रुग्णांना ते दिले गेले. ते बाह्यरुग्ण होते, गोळ्या घरी नेत होते, घरात मुले-माणसे होती. गैरवापराचे किंवा गोळ्या बाहेर गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही, असे २००१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासाचा उल्लेख बहुधा ‘मॉर्फिन सुरक्षित आहे’ एवढे सांगण्यासाठी होतो. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या पद्धतीत औषध देणाऱ्याला रुग्ण माहीत होता आणि घर माहीत होते. गोळी कोण देणार हे ठरलेले होते, त्या माणसाला ती कशी द्यायची हे शिकवलेले होते आणि तो पुन्हा येणार होता. कुलूप तिथेही होते, वहीही होती. पण गोळी कुठे जाते आहे हे वहीच्या आधी माणसाला ठाऊक होते.

मॉर्फिन देताना काय सांगायचे असते, याचा जरा तपशिलात विचार करू, कारण ‘समुपदेशन’ हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे काहीतरी पुळचट येते. पहिली गोष्ट वेळेची. ही गोळी दुखले की घ्यायची नसते. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळाकडे पाहून, दुखणे उसळण्याआधी घ्यायची असते. आपल्याकडे दुखणे सहन करण्याला सद्गुण मानतात; हे नीट सांगितले नाही तर घरातली माणसे ‘अगदीच असह्य झालं तर देऊ’ म्हणून गोळी राखून ठेवतात आणि रुग्ण तळमळत राहतो. दुसरी गोष्ट बद्धकोष्ठाची. तो जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि सवयीने कमी होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक बरोबर असले पाहिजे. चिठ्ठीवर ते लिहिलेले नसेल तर फार्मसिस्टने डॉक्टरांना फोन करावा. किती तरी रुग्ण वेदनेपेक्षा या त्रासाला कंटाळून गोळी सोडतात. तिसरी गोष्ट पहिल्या काही दिवसांची: मळमळ होईल, गुंगी येईल, दोन्ही हळूहळू ओसरतील, पण हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास फार मंद वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. दारू बंद, आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हळूहळू काम करणारी लांब पल्ल्याची गोळी असेल तर ती गिळता येत नाही म्हणून कुटून द्यायची नाही; बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. अचानक बंद करायची नाही. डबा मुलांच्या हाताला लागेल तिथे ठेवायचा नाही. फेंटानिलच्या पट्टीची आणखी वेगळी कथा. ती ७२ तासांनी बदलायची, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही आणि अंगात ताप भरला तर सांगायचे, कारण उष्णतेने औषध जास्त वेगाने शरीरात शिरते. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेले असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची.

यांतले एकेक वाक्य म्हणजे एकेक टळलेला अपघात आहे. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल चौकटीतली सूचना यातले काही सांगत नाही. ‘वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोकादायक’ एवढे ती सांगते, तेही बहुतेक वेळा इंग्रजीत.

या बोलण्यात आणखी एक गोष्ट आपोआप होते, आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ‘औषध कोणासाठी नेताय? कधीपासून चालू आहे? मागच्या वेळी किती दिवस पुरलं? आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? दुसऱ्या कोणत्या डॉक्टरांना दाखवता का?’ हे प्रश्न रुग्णाच्या हिताचे आहेत. आणि खोटी चिठ्ठी घेऊन आलेला माणूस नेमका याच प्रश्नांपुढे अडखळतो. चौकशी आणि काळजी यांच्यासाठी वेगळे प्रश्न लागत नाहीत. वहीला हे जमत नाही. वहीत खोटे नाव खऱ्या नावाइतक्याच सुबक अक्षरात उतरते.

हे किती भयंकर थराला जाऊ शकते ते इंग्लंडने पाहिले. हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरला जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. नंतरच्या चौकशीत बळींची संख्या दोनशेच्या वर गेली. हत्यार होते डायमॉर्फिन. तो रुग्णांच्या नावाने चिठ्ठ्या लिहायचा आणि औषध स्वतःच दुकानातून घेऊन जायचा. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाचा चौथा अहवाल, २००४ चा, संपूर्णपणे नियंत्रित औषधांवर आहे. दुकानाच्या वहीत नोंदी होत्या. रुग्णाऐवजी डॉक्टर का नेतो आहे, मागच्या वेळचे काय झाले, हे विचारणे कुणाच्या कामाचा भाग नव्हते. डॉक्टरांना कसे विचारायचे, हा संकोच तिथे होता आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

इथेच पहिला आक्षेप येतो: फार्मसिस्टने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शंका घेणे हा अधिकाराचा अतिक्रम आहे. माझे उत्तर असे की शंका आणि खात्री यांत फरक आहे. डोस दहापट वाटला, अल्प्राझोलाम आणि ट्रॅमाडॉल एकाच वयस्क रुग्णाला लिहिलेले दिसले, किंवा आधीपासून नैराश्याची गोळी चालू असणाऱ्याला ट्रॅमाडॉल लिहिले, तर फोन उचलणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. दोन माणसांनी एकच कागद वाचावा, म्हणूनच लिहिणारा आणि देणारा वेगळे ठेवले गेले. १९४८ च्या फार्मसी कायद्यातल्या ४२ व्या कलमाने चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मसिस्टपुरते राखून ठेवले. नुसते गोळ्यांचे पाकीट काढून हातात द्यायचे असते, तर त्यासाठी पदविका आणि नोंदणी कशाला लागली असती?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत वेदनाशामके सैल हाताने मिळू लागली आणि त्यांनी लाखो संसार उद्ध्वस्त केले. मॉर्फिनची वाट मोकळी करा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, असे म्हटले जाते. विसरूच नये. वेस्ट व्हर्जिनियातल्या केर्मिट या जेमतेम चारशे वस्तीच्या गावातल्या एका औषध दुकानाकडे दोन वर्षांत सुमारे ९० लाख हायड्रोकोडोनच्या गोळ्या गेल्या. पत्रकार एरिक आयर यांनी ते २०१६ मध्ये उघड केले आणि पुढच्या वर्षी त्यांना पुलित्झर मिळाले. पण या उदाहरणाचा अर्थ काय लावायचा? त्या गोळ्या चोरवाटेने गेल्या नव्हत्या. घाऊक विक्रेत्यांची बिले होती, परवाने होते, आकडे केंद्रीय यंत्रणेकडे जमा होत होते. हिशेब सगळा होता. चारशे माणसांच्या गावाला एवढ्या गोळ्या कशाला, हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही, कारण न विचारण्यात प्रत्येकाचा पैसा होता. अमेरिकेतून शिकायचे ते हे. औषध कपाटातून काढून टाकणे हा त्यावरचा इलाज ठरत नाही. शिवाय आपली परिस्थिती दुसऱ्या टोकाची आहे. २०१७ च्या लॅन्सेट आयोगाने वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अफूजन्य औषधांचा देशवार हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच भागते असे दिसले. उपाशी माणसाला अजीर्णाची भीती घालण्यासारखे हे आहे.

कायदा मात्र सुधारला आहे, हे नोंदवले पाहिजे. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग केला. पुढच्या वर्षीच्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी परवान्यांची जंत्री काढून टाकली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. पण कायदा बदलला तरी काउंटरमागच्या माणसाच्या मनातला १९८५ चा धाक आपोआप जात नाही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, टाटा रुग्णालयाचा विभाग १९९६ पासून आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून वेदनाशमनाचे काम करते आहे. त्यांच्याबाहेर ते पसरायचे तर औषध देणाऱ्यांचे नव्याने शिक्षण लागेल.

‘नाही म्हटले की आपण सुटलो’ ही समजूतही तपासली पाहिजे. दहा वर्षे रोज अल्प्राझोलाम घेणारी सत्तरीची बाई जुनी चिठ्ठी घेऊन येते. देणे नियमाविरुद्ध आहे. पण ही गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. म्हणजे देणेही धोक्याचे, हाकलून देणेही धोक्याचे. नियमपुस्तक ‘देऊ नका’ एवढेच सांगते. बोलणारा फार्मसिस्ट तिला सांगतो की गोळी अचानक थांबवू नका, आजच डॉक्टरांना भेटा, ते हळूहळू कमी करून देतील, तोवर रात्री उठताना आधार घ्या, कारण याच गोळीने तोल जातो. आणि तो डॉक्टरांना फोन लावून देतो. मुलाच्या अतिचंचलतेवरचे मिथाइलफेनिडेट शोधत दुकानामागून दुकान फिरणाऱ्या आईबापांनाही ‘आमच्याकडे मिळत नाही’ एवढे ऐकवून परत पाठवण्यात नियमभंग नाही. अनुसूची ‘एक्स’चा परवाना कोणाकडे आहे, हे सांगायला काय लागते?

तिसरा आक्षेप दुकानदारांचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. संध्याकाळी सात वाजता काउंटरपुढे पंधरा माणसे उभी असतात. कोणाशी काय बोलणार? नियमाप्रमाणे किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात कपाटे, फ्रीज आणि दोन माणसे. पंधरा जणांच्या कानांवर आपल्या आजाराचे नाव जाणार असेल तर कोणता रुग्ण उत्तर देईल? पैशाचेही तसेच. किंमत-नियंत्रित औषधावर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मिळतात. स्वस्त गोळीवर ते किती होतात याचा हिशेब करा, आणि त्यात दहा मिनिटांच्या बोलण्याचे मोल कुठे बसते ते शोधा. त्यात भर म्हणजे भाड्याने लावलेली प्रमाणपत्रे: भिंतीवर फ्रेम एकाची, काउंटरमागे भलताच. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मागच्या दशकाच्या सुरुवातीला फार्मसिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला तेव्हा दुकाने बंद ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. हजेरीचा आग्रह बरोबरच होता. पण हजर माणसाने काय करायचे, त्याला कोणती जागा आणि त्याबद्दल काय मोबदला, हे प्रश्न तेव्हाही बाजूलाच राहिले. इंग्लंडने २०११ पासून दमा, मधुमेह, रक्तदाब अशा आजारांत नवे औषध सुरू झालेल्या रुग्णाशी फार्मसिस्टने बोलण्याची सेवा सुरू केली आणि त्या बोलण्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवा देते. आपल्याला सगळीकडून सुरुवात करायची गरज नाही. एच-वन, एक्स आणि अमली औषधे यांच्यापुरती करावी: काउंटरच्या कडेला एक आडोसा आणि दोन खुर्च्या, मराठीत छापलेली एकपानी माहिती आणि ठरावीक शुल्क. निरीक्षकाने रजिस्टर पाहावेच, पण त्यातले तीन रुग्ण निवडून त्यांना काय सांगितले हेही विचारावे.

या सगळ्यात रुग्णाला संशयित ठरवण्याचा धोका आहे, हे मी नाकारत नाही. प्रश्न त्याच शब्दांत असला तरी आवाज फौजदाराचा असू शकतो. म्हणून ‘हे सगळ्यांनाच विचारतो’ हे वाक्य आधी आले पाहिजे आणि ते खरे असले पाहिजे. कपडे, भाषा, मोहल्ला पाहून प्रश्न विचारला तर तो गुन्हा शोधण्यातही फसतो. शिपमन टाय लावून यायचा.

एक जागा मात्र अशी आहे जिथे आजवर वहीही पोचत नव्हती. रुग्ण गेल्यानंतर घरात मॉर्फिनच्या अर्ध्या स्ट्रिपा आणि फेंटानिलच्या दोन-तीन पट्ट्या उरतात. गोळ्या गेल्याची नोंद दुकानात पूर्ण आहे. हिशेब संपला आहे. त्या उरलेल्या औषधाचे काय करायचे? केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये मार्गदर्शन काढले. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांच्यासह १७ औषधे कचऱ्यात न टाकता शौचालयात सोडून द्यावीत असे सांगितले आहे, म्हणजे ती कोणाच्या हाती लागणार नाहीत. हे त्या घरात कोणाला ठाऊक असणार? दहावा-बारावा उरकेपर्यंत तो डबा फळीवर तसाच असतो, पाहुण्यांची मुले घरात खेळत असतात. पहिल्या दिवशी औषध देताना जो माणूस या घराशी बोलला असेल, त्याच्याकडे त्यांचा फोन नंबर असेल. दिवस झाल्यावर त्याने एकदा फोन करावा.